समुद्रांतील जमिनीचा बाजार

स्थावर मिळकत म्हणजे न हलणारी मिळकत. तिची ग्वाही तिच्या नांवांतच आहे. सोनें चोरीस जातें, धान्यास कीड लागते, व्यापार बुडतो, पेढीवर ठेवलेली रक्कम पेढीबरोबर नाहींशी होते. जमीन मात्र जेथल्या तेथें राहते, असा आपल्या वाडवडिलांचा विश्वास. लेकीच्या लग्नासाठीं सोनें आणि नातवांच्या पोटासाठीं जमीन, हा हिशेब मध्यम स्थितींतल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे, आणि तो अगदींच खोटा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि जमीन हलत नसली तरी तिची किंमत हलते. आणि ती घेण्याकरितां काढलेलें कर्ज तर क्षणभरहि एका जागीं राहत नाहीं. या दोन गोष्टींचा विसर पडला म्हणजे काय होतें, याचा एक विलक्षण इतिहास मुंबई शहरांत १८६२ ते १८६५ या चार वर्षांत घडला. त्यांतील विशेष हा कीं, ज्या जमिनीवर लोकांनीं आपलें सर्वस्व लावलें ती जमीन त्या वेळीं अस्तित्वांतच नव्हती. तिच्या जागीं समुद्राच्या लाटा उसळत होत्या.

समुद्रांतली जमीन विकत घेणें हें ऐकावयास वेडेपणाचें वाटतें. पण मुंबईच्या माणसाला तें तसें वाटण्याचें कारण नव्हतें. मूळचीं सात बेटें जोडून हें शहर झालेलें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरळीच्या खाडीवर बांध घालून भरतीचें पाणी अडविलें गेलें, आणि ज्या सखल भागांत पूर्वीं समुद्र शिरत असे तेथें पुढें वस्ती झाली. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां शहर चोहोंकडून वाढत होतें. सर बार्टल फ्रियर हे १८६२ सालीं गव्हर्नर होऊन आले आणि त्यांच्या कारकीर्दींत जुन्या किल्ल्याचे तट पाडण्यास प्रारंभ झाला. तटाच्या आंत कोंडलेलें शहर मोकळें झालें. आगगाड्या सुरू होऊन फार वर्षें लोटलीं नव्हतीं. त्यांना स्थानकांसाठीं, बखारींसाठीं, रुळांसाठीं जागा हवी होती. आणि बेटावर जागा तर मोजकीच. अशा स्थितींत समुद्र हटवून जमीन मिळवावी, ही कल्पना शहाणपणाचीच होती.

तसें करून दाखविणारी एक कंपनीहि शहरांत होती. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी ही १८५८ सालीं स्थापन झाली. पूर्वेकडील बंदराच्या बाजूस भराव घालून जमीन तयार करावी, तेथें कापसाच्या गांठी दाबण्याचीं यंत्रें व बखारी उभाराव्यात, हा तिचा उद्योग. १८६२ सालीं तिनें सरकाराशीं करार केला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकरितां १०० एकर जमीन तयार करून द्यावयाची आणि त्याच्या मोबदल्यांत आणखी २५० एकर किनारा भरून घेण्याचा हक्क मिळवावयाचा, असा तो सौदा होता. पूर्वेच्या बाजूस जें होऊं शकलें तें पश्चिमेच्या बाजूस कां होऊं नये, हा प्रश्न मग आपोआपच उत्पन्न झाला.

पण केवळ प्रश्नानें बाजार पेटत नसतो. त्याला पैसा लागतो. तो पैसा अमेरिकेंतून आला. १८६१ च्या एप्रिलमध्यें तेथें यादवी युद्ध सुरू झालें व उत्तरेकडील आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं. लँकेशायरच्या गिरण्यांना दक्षिणेचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टि हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. गुजराथ, खानदेश व वऱ्हाड येथील कापूस मुंबईच्या बंदरांतून जाऊं लागला. त्याचे भाव तिपटीचौपटीनें चढले. गाद्यांतला जुना कापूसदेखील उपसून लोकांनीं विकला, अशी आठवण त्या काळच्या लोकांनीं सांगून ठेवली आहे. नेहमींच्या भावानें जें मिळालें असतें त्यापेक्षां सुमारें ८ कोटि १० लक्ष पौंड अधिक या चार-पांच वर्षांत मुंबईच्या पदरांत पडले, असा अजमास पुढें करण्यांत आला.

हा पैसा कष्टानें हळूहळू सांचलेला नव्हता. भरतीच्या पाण्यासारखा एकदम चढलेला होता. आणि एकदम आलेल्या पैशाला एकदम वाढण्याची घाई असते. १८६५ च्या जानेवारींत मुंबईंत ३१ बँका, कर्ज देण्याघेण्याच्या १६ मंडळ्या, जमिनीच्या ८ कंपन्या, गांठी दाबण्याच्या १६, जहाजांच्या १० आणि विम्याच्या २० कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वीं यांतील बहुतेकांचें नांवहि कोणी ऐकलें नव्हतें. या सर्वांच्या मध्यभागीं एक पुरुष होता : प्रेमचंद रायचंद. १८३१ सालीं जन्मलेला हा सुरतेचा जैन दलाल, वयाच्या तिशीच्या आसपास मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा झाला. त्याच्या शब्दावर नव्या कंपन्या निघत आणि त्याच्या चिठ्ठीवर बँकेंतून रकमा निघत. तो कपटी होता असें म्हणून या प्रकरणाचा निकाल लावणें सोपें आहे. पण तें खरें नव्हे. जो मोह सर्व शहराला झाला होता, त्याचा तो सर्वांत बुद्धिमान व सर्वांत शूर प्रतिनिधि होता, इतकेंच.

आतां त्या समुद्रांतल्या जमिनीकडे येऊं. मलबार टेकडीच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंत अर्धचंद्राकार वळलेला जो पश्चिमेचा किनारा, त्याला बॅकबे म्हणत. बाँबे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला शहराच्या दक्षिण टोंकापर्यंत यावयाचें होतें, आणि त्यासाठीं या किनाऱ्यानें एक पट्टी हवी होती. ही पट्टी भरून द्यावयाची आणि तिच्यापलीकडचा समुद्र हटवून निघेल ती जमीन बंगल्यांसाठीं व इमारतींसाठीं विकावयाची, अशी योजना घेऊन बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. मुंबई सरकारनेंहि या कंपनींत ४०० भाग घेण्याचें ठरविलें होतें. परंतु सरकारनें सट्ट्याच्या धंद्यांत भागीदार व्हावें हें हिंदुस्थान सरकारला पसंत पडलें नाहीं. तेव्हां ते ४०० भाग लिलांवानें विकण्यांत आले. प्रत्येक भागावर भरणा व्हावयाचा तो ५,००० रुपयांचा. पण त्यावर सरासरी सुमारें २६,५०० रुपये अधिमूल्य देऊन लोकांनीं ते उचलले. म्हणजे चारशें कागदांचें नुसतें अधिमूल्यच एक कोटि रुपयांच्या वर गेलें. समुद्रांत तोंवर नांव घेण्यासारखा भराव पडलेला नव्हता. लिलांवाच्या दुसऱ्या दिवशीं शहरांतल्या प्रत्येक पेढीवर एकच विषय होता. पुढें हाच भाग पन्नास हजारांच्याहि वर गेला.

येथें क्षणभर थांबून, लोक नक्की काय विकत घेत होते हें पाहिलें पाहिजे. ते जमीन विकत घेत नव्हते, कारण जमीन नव्हती. ती होईल तेव्हां तिच्या विक्रींतून जो नफा होईल त्यांतील हिस्सा ते घेत होते. तो नफा किती होईल हें भराव किती खर्चांत पडेल यावर अवलंबून. भराव किती वर्षांत पुरा होईल यावर अवलंबून. आणि तो पुरा होईल त्या दिवशीं मुंबईंत जागेला किती मागणी असेल यावर अवलंबून. मागणी शहराच्या भरभराटीवर, भरभराट कापसावर, आणि कापूस व्हर्जिनियांतल्या रणांगणावर. इतकी लांब सांखळी ज्याच्या हातीं आली त्याला तिचें शेवटचें टोंक कोठें बांधलें आहे हें दिसत नव्हतें.

अनिश्चितपणा एवढाच असता तर नुकसान झालें असतें, सर्वनाश झाला नसता. सर्वनाश झाला तो वायद्यामुळें. बहुतेक व्यवहार रोखीचे नव्हते. आज सौदा ठरवावयाचा, पैसे व कागद पुढल्या नेमलेल्या तारखेस द्यावयाचे. समजा, एखाद्या गृहस्थानें चाळीस हजारांना एक भाग १ जुलैच्या वायद्यानें घेतला. त्याच्या संग्रहीं पांच हजार रुपयेहि नसोत. त्याला चिंता नाहीं. जुलै उजाडण्यापूर्वींच तो पंचेचाळीस हजारांना दुसऱ्यास देणार, दुसरा पन्नास हजारांना तिसऱ्यास देणार. प्रत्येकाच्या वहींत नफा लिहिलेला आहे, आणि प्रत्येकाचा नफा पुढच्या माणसाच्या ऐपतीवर टांगलेला आहे. पण त्या दिवशीं बाजारांत भाव वीस हजार असला, तर पहिल्या गृहस्थास वीस हजारांची तूट स्वतःच्या घरांतून भरावी लागणार. तितकें घरांत नसलें तर तो बुडाला. आणि त्याच्याकडून ज्याचें येणें होतें तोहि त्याच्याबरोबर बुडाला.

ज्यांनीं रोखीनें घेतले त्यांनींहि बहुधा कर्ज काढूनच घेतले, आणि त्या कर्जाला तारण म्हणून तेच भाग ठेवले. येथें बँक ऑफ बाँबेचा संबंध येतो. १८४० सालीं स्थापन झालेली ही बँक म्हणजे शहराच्या पतीचा आधारस्तंभ. सरकार तिचें भागीदार, आणि तिच्या व्यवहारावर कायद्याचे कडक निर्बंध. १८६३ सालीं तिला नवा कायदा लागू झाला आणि हे निर्बंध सैल झाले. कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. मग एक चमत्कारिक चक्र सुरू झालें. भागांचा भाव चढला म्हणून बँकेनें त्यावर अधिक कर्ज द्यावें. त्या कर्जानें लोकांनीं आणखी भाग घ्यावेत. आणि त्या खरेदीनें भाव आणखी चढावा. भावाला कर्जाचा आधार आणि कर्जाला भावाचा आधार. दोन माणसें एकमेकांच्या खांद्यावर बसून चालूं पाहतात, तसाच हा प्रकार. या चक्रांत भरावाचा एक दगडहि कोठें नव्हता.

हा रोग एकट्या मुंबईचाच होता असेंहि नाहीं. कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीच्या कांठीं नवें बंदर वसवावयाचें म्हणून पोर्ट कॅनिंग कंपनी निघाली, आणि तिच्या भागांवर मुंबईच्या बाजारांतहि उड्या पडल्या. हजार रुपयांच्या भागाला कित्येक पट किंमत आली. या जागेबद्दल १८५३ सालींच एका जाणत्या माणसानें सावधगिरीची सूचना दिली होती. वादळांच्या अभ्यासासाठीं प्रसिद्ध असलेले, ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणारे हेन्री पिडिंग्टन यांनीं गव्हर्नर जनरलला लिहून कळविलें होतें कीं, या ठिकाणीं वादळाबरोबर समुद्राची लाट चढेल आणि वसाहत बुडेल. त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळ आलें, लाट चढली, आणि बंदराची दैना झाली. १८७२ च्या सुमारास तें सोडून देण्यांत आलें. म्हणजे तेथें भविष्य अज्ञात नव्हतें. तें लेखी सांगितलें गेलें होतें. अनिश्चितपणाच्या नांवाखालीं आपण पुष्कळदां जें झांकतों तें अज्ञान नसतें, तर नको असलेलें ज्ञान असतें.

आतां शेवटाकडे वळूं. १८६५ च्या प्रारंभीं इराणच्या आखातांतून टाकलेल्या तारेनें हिंदुस्थान युरोपाशीं जोडलें गेलें. ज्या बातम्या आगबोटीनें यावयास आठवडेच्या आठवडे लागत त्या आतां कांहीं दिवसांत येऊं लागल्या. आणि तारेनें आणलेल्या पहिल्या मोठ्या बातम्यांपैकीं एक मुंबईचा घात करणारी ठरली. ९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. युद्ध संपलें. जगांत सर्वत्र आनंद करावा अशी ती वार्ता. पण मुंबईंत ती ऐकून मोठमोठ्या पेढ्यांचे धनी पांढरे पडले. कापसाचे भाव कोसळले. ज्यांचा पैसा कापसांत होता त्यांनीं भाग विकावयास काढले. ज्यांनीं भागांवर कर्ज दिलें होतें त्यांनीं तारण कमी पडलें म्हणून तगादा लावला. तगादा भागविण्यासाठीं आणखी भाग बाजारांत आले. कालपर्यंत चढत्या दिशेनें फिरणारें तेंच चक्र आतां उलट फिरूं लागलें. मे महिन्यांत पहिलें मोठें दिवाळें निघालें, आणि त्यानंतर सर्वांचे डोळे १ जुलै या तारखेकडे लागले. कारण बहुतेक मोठे वायदे त्याच दिवशीं पुरे व्हावयाचे होते.

तो दिवस उगवला, आणि कोणाकडेच कोणाला देण्यासाठीं पैसा नव्हता. ज्याच्या वहींत दहा लाखांचें येणें होतें त्याला दहा हजारांचें देणें देतां येईना. बॅकबेचा जो भाग पन्नास हजारांच्या वर गेला होता तो दोन हजारांच्याहि खालीं आला. बँक ऑफ बाँबेचा भाग, जो ऐन तेजींत २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर उतरला. सर दिनशा वाच्छा हे त्या वेळीं वीस वर्षांचे तरुण होते. त्यांनीं १९१० सालीं या आर्थिक प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें, यावरून ती आठवण किती खोल रुतली होती तें दिसतें. बँकेनें आणखी कांहीं काळ धीर धरला, पण तिचें भांडवल बहुतेक बुडालेंच होतें. ती मोडून १८६८ सालीं नवी बँक उभारावी लागली, आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली.

मोठ्यांचीं दिवाळीं इतिहासांत नोंदलीं जातात. लहानांचीं नोंदलीं जात नाहींत. पण बँकेंत पैसा कोणाचा गुंतला होता, याचा विचार करावा. तींत पेन्शनवर आलेल्या कामगारांची पुंजी होती, अज्ञान मुलांच्या नांवें ठेवलेली रक्कम होती, विधवांचें स्त्रीधन होतें. त्यांनीं सट्टा केला नव्हता. त्यांनीं फक्त विश्वासाची जागा म्हणून बँकेचे भाग घेऊन ठेवले होते. शहराच्या वस्तीचे आंकडेहि बोलके आहेत. १८६४ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली; १८७२ सालीं ती ६,४४,४०५ होती. तेजीच्या दिवसांत पोटासाठीं आलेलीं माणसें परत गेलीं. घरभाड्याचे जे भाव कायमचे म्हणून हिशेबांत धरले होते ते कायमचे नव्हते. आणि समुद्र भरून काढलेल्या जागेला जे गिऱ्हाईक मिळणार होतें, तें शहर सोडून गेलें होतें.

एवढ्यावर ही कथा संपविली तर तिचें तात्पर्य सोपें होईल : समुद्रांतली जमीन हें मृगजळ, लोभी लोक त्याच्यामागें धांवले आणि बुडाले. पण इतिहासानें या कथेला निराळेंच वळण दिलें. ती जमीन मृगजळ नव्हती. कंपनी मोडल्यावर तिचें अर्धवट काम सरकारकडे आलें. किनाऱ्याची पट्टी तयार झाली, तिच्यावरून १८७० सालीं चर्चगेटपर्यंत आणि १८७३ सालीं कुलाब्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली. पूर्वेकडील एल्फिन्स्टन कंपनीचें काम तर पुष्कळच पुढें गेलें होतें. बंदर खासगी हातांत राहूं नये म्हणून सरकारनें तिची मिळकत १८७० सालीं विकत घेतली आणि तिच्याच पायावर १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ज्या जागेचें स्वप्न पाहून माणसें बुडालीं, ती जागा पुढें खरोखरच सोन्याच्या मोलाची ठरली.

म्हणजे त्या लोकांचा जमिनीबद्दलचा अंदाज चुकला नव्हता. मुंबई वाढेल, जागा अपुरी पडेल, समुद्र हटवावा लागेल आणि हटविलेल्या जागेला अपार किंमत येईल, हें त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. चुकली ती तारीख. जमिनीचा काळ निराळा आणि कर्जाचा काळ निराळा. जमीन पन्नास वर्षांनीं पिकते. वायदा १ जुलैला पिकतो. पन्नास वर्षांनीं खरें ठरणारें मत ज्यानें सहा महिन्यांच्या कर्जावर विकत घेतलें, त्याला तें मत खरें असूनहि वांचवूं शकलें नाहीं. या प्रकरणाचें सार मला यांत दिसतें.

हाच धडा त्याच किनाऱ्यावर पुन्हां एकदां गिरवावा लागला, आणि या खेपेस गिरवणारें सरकार होतें. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत पुन्हां तेजी आली. जागेचे भाव चढले. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत बॅकबेचा समुद्र १,१४५ एकर हटविण्याची योजना हातीं घेण्यांत आली. समुद्रांत दगडी भिंत घालावयाची, बंदराच्या तळाचा गाळ यंत्रानें उपसून नळांवाटे भिंतीच्या आंत सोडावयाचा, असा बेत होता. पण यंत्रानें अंदाजापेक्षां फारच कमी गाळ उपसला, आणि जो आंत सोडला तो भिंतीच्या फटींतून पुन्हां समुद्रांत जाऊं लागला. खर्च वाढत गेला. इतक्यांत तेजी ओसरली आणि जमिनीचें गिऱ्हाईक नाहींसें झालें. खुरशेद फ्रामजी नरीमन यांनीं या कारभारावर कडाडून टीका केली. एका अधिकाऱ्यानें त्यांच्यावर बेअब्रूची फिर्याद केली, तींतून ते निर्दोष सुटले. १९२६ सालीं चौकशी समिति बसली आणि योजना आंखडती घेण्यांत आली. लोकांनीं तिला लॉइडसाहेबांचें खूळ असें नांव ठेवलें.

आणि तरीहि, त्याच खुळांतून जी जमीन निघाली तिच्यावर पुढें मरीन ड्राइव्हचा रस्ता आणि त्याच्या कडेच्या इमारतींची ओळ उभी राहिली. १९३० नंतरच्या दशकांत बांधलेल्या त्या इमारती २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाल्या. दुसऱ्या खेपेसहि जमीन खरी ठरली. पहिल्या खेपेप्रमाणेंच दुसऱ्या खेपेसहि तारीख चुकली. फरक इतकाच कीं, सरकार कर्जाखालीं दबलें तरी दहा-पंधरा वर्षें थांबूं शकतें. कारकून, शाळामास्तर, विधवा यांना थांबतां येत नाहीं. अनिश्चितपणा सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. थांबण्याची शक्ति मात्र सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाहीं. ज्याच्याजवळ ती आहे त्याच्या दृष्टीनें मंदी म्हणजे एक लांब पावसाळा; ज्याच्याजवळ ती नाहीं त्याच्या दृष्टीनें तोच पूर.

आज कोणी समुद्राचे भाग लिलांवांत घेत नाहीं. परंतु न बांधलेलें घर नकाशावर पाहून विकत घेणें, त्यासाठीं वीस वर्षांचें कर्ज काढणें, आणि घर तयार होईपर्यंत एकीकडे भाडें व दुसरीकडे हप्ता भरणें, ही आपल्या शहरांतील हजारों घरांची नित्याची गोष्ट आहे. बांधणारा थांबला, परवानगी अडली, जागेच्या मालकीचा वाद निघाला, कीं त्या घराचा काळ लांबतो. हप्त्याची तारीख मात्र लांबत नाहीं. म्हणूनच २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानें असा नियम घातला कीं, गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या रकमेपैकीं ७० टक्के रक्कम निराळ्या खात्यांत ठेवावी आणि ती त्याच इमारतीच्या बांधकामावर व जागेवर खर्चावी. दीडशें वर्षांपूर्वींच्या बाजारांत जें कोणालाच सुचलें नाहीं, तें उशिरां कां होईना, कायद्याच्या भाषेंत लिहिलें गेलें. तथापि कायदा बांधणाऱ्याचा हात धरूं शकतो. घेणाऱ्याचा हिशेब त्यानें स्वतःच केला पाहिजे. जागा चांगली आहे काय, हा त्या हिशेबांतला पहिला प्रश्न. ती चांगली ठरेपर्यंत मी थांबूं शकेन काय, हा दुसरा. आपण पहिला प्रश्न शंभर वेळां विचारतों आणि दुसरा एकदांहि विचारीत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. १८६४ सालीं, तेजी ऐन भरांत असतांना, प्रेमचंद रायचंद यांनीं मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठीं दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षीं मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख दिले. पुढल्या वर्षीं त्यांची दौलत गेली. त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. बॅकबेच्या भागांची जी चवड एके काळीं लाखोंच्या मोलाची होती तिचे कागद रद्दी झाले. आणि त्याच वर्षांत जो पैसा हातांतून सोडून दिला गेला, तेवढाच दगडाच्या रूपानें उरला. त्या मनोऱ्याचें घड्याळ कोणाच्या फायद्यातोट्याची पर्वा न करितां वेळ सांगत आलें आहे. त्या चार वर्षांत मुंबईच्या बाजारानें सर्व कांहीं मोजलें होतें. मोजली नव्हती ती फक्त वेळ.